काकीच्या तोंडावरचा फिल्टर

वारंगा फाट्यावर सकाळी गाडीतून उतरले आणि समोरच्या जीपमध्ये बसलेल्या काकीच्या तोंडावर मला माझा फिल्टर दिसला.

आत्ता हे वाक्य मी शांतपणे लिहिते आहे. तेव्हा मी भर रस्त्यात बॅग हातात धरून उभी राहिले होते आणि मागून आलेला टेम्पोवाला माझ्या सात पिढ्यांची आठवण काढून गेला. काकी म्हणजे आमच्या बंजारा तांड्यातली, अगदी शेजारच्या घरातली. जीप हळदीच्या पॉलिशला जाणाऱ्या बायांनी भरलेली होती आणि त्यातल्या बहुतेकींच्या नाकातोंडावर पांढरे चौकोन बांधलेले होते. कडेला लाल-हिरवा दोरा, कोपऱ्यांत बारके आरसे. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वा, काय कशिदा आहे. मला मात्र त्या पांढऱ्यावरच्या आडव्या रेघा दिसत होत्या. एकसारख्या अंतरावर पडलेल्या घड्यांच्या खुणा. त्या मी झोपेतही ओळखीन, कारण ज्या मशीनवर त्या पडतात त्या मशीनवर मी काम करते.

"होळीला आली का गं?" काकीने त्या चौकोनाच्या आडूनच विचारलं.

"काकी, तोंडाला काय लावलंय हे?"

"तुझ्या याडीनं शिवून दिलं. समद्यांलाच दिलं. तुझ्याच कंपनीचं हाय म्हणं. लई भारी हाय, नुसतं जरा खाजवतं."

जीप निघून गेली. आमच्यात आईला याडी म्हणतात. माझ्या याडीने काय करून ठेवलं होतं ते मला तिथेच कळलं.

त्यात एवढं काय, ते कळायला आधी तो फिल्टर काय असतो ते सांगायला हवं. पुण्याकडच्या एका कारखान्यात मी हवेचे फिल्टर बनवते. एसीच्या तोंडाला असते ती जाळी नव्हे. ऑपरेशन थिएटरच्या छतात, औषधं तयार होतात त्या खोल्यांत बसवतात ते. पहिल्या दिवशी मला नखशिखांत पांढरा पोशाख चढवला, केसांवर टोपी, बुटांवर पिशव्या, हातात मोजे. अशी नटवून आत नेली आणि दाखवला काय, तर कागदाचा रोल. माझा इतका हिरमोड झाला की विचारू नका. एवढ्या थाटामाटात कागद दाखवतात होय, असं मी तिथल्या सुपरवायझर बाईंना तोंडावर म्हणालेही.

त्या हसल्या. म्हणाल्या, "कागद नाही तो. काच आहे."

मला वाटलं, नवी आलेली गावाकडची पोरगी बघून फिरकी घेतायत. पण ते खरंच होतं. काच वितळवून तिचे तंतू काढतात, माणसाच्या केसाच्या कितीतरी पटीने बारीक. ते पाण्यात कालवून कागदासारखे थापतात आणि ते एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यात थोडा चिकट पदार्थ असतो. वाळलं की झाला टिपकागदासारखा मऊ पांढरा कागद. माझा स्वभाव असा की सांगितलेलं खरं वाटत नाही. कुणी बघत नाहीसं पाहून मी मोजा काढला आणि बोट घासून पाहिलं. ते बोट संध्याकाळपर्यंत खाजत होतं.

दुसरा धक्का त्याच आठवड्यात बसला. मी मनाशी धरून चालले होते की ही चाळणी आहे. भोकं बारीक, धूळ मोठी, म्हणून धूळ अडकते. बाई म्हणाल्या, चाळणी म्हणालीस तर तू नापास. या कागदातल्या फटी धुळीच्या कणापेक्षा मोठ्याच असतात. मोठा कण जोरात सरळ येतो, त्याला वळता येत नाही, तो तंतूवर आदळून चिकटतो. त्याहून लहान हवेबरोबर वळतो, पण वळताना तंतूला घासतो आणि अडकतो. अगदी बारीक तर सरळ जातच नाही, झिंगल्यासारखा इकडून तिकडे भरकटतो आणि त्या काचेच्या झुडपात कुठेतरी सापडतोच. खरा चुकार कण मधल्या मापाचा. आदळायला हलका, भरकटायला जड. त्या एका चोराला पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो.

माझ्या मशीनवर तो कागद घड्या पडत पुढे येतो. पुढे-मागे, पुढे-मागे, पंख्यासारख्या चुण्या. दोन चुण्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची पन्हाळी पत्री सरकवायची. असं करत करत केवढा तरी लांब कागद बारक्या चौकटीत मावतो. कागद जास्त असला की हवेला घाई नसते. ती सावकाश जाते आणि कण सापडतात. मग कडेने दोन रसायनं मिसळून केलेला गोंद ओततात. तो फुगतो, घट्ट होतो आणि कागद चौकटीला कायमचा धरतो. चौकटीच्या तोंडावर फोमची पट्टी बसते, कडेने हवा निसटू नये म्हणून. शेवटी एका बाजूने तेलाचं धुकं सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने नळी फिरवत इंच न् इंच तपासायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी मशीन ओरडतं. त्या भोकातून गळणारी हवा सगळ्या कागदाची मेहनत पाण्यात घालते.

सुईच्या टोकाएवढं भोक. आणि काकीच्या तोंडावरच्या कागदाला चारी बाजूंनी सुईने टाके घातलेले होते.

आता माझी याडी. आमच्या भागात हळद निघाली की ती शिजवतात, वाळवतात आणि मग लोखंडी ढोलात घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची साल आणि मुळ्या निघतात आणि पिवळी होतात. जे निघतं ते हवेत उडतं. ढोल भरणं, रिकामा करणं, खालची भुकटी गोळा करणं ही कामं बाया करतात. याडी हंगामभर त्या पॉलिशच्या शेडवर जाते. घरी आली की तिच्या भुवयासुद्धा पिवळ्या असतात. दोन वर्षांपूर्वी तिचा खोकला पावसाळा सरला तरी गेला नाही. औंढ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, धुळीपासून दूर राहायचं. याडीने मान डोलावली आणि हंगाम आल्यावर पुन्हा जीपमध्ये बसली.

मला राग आला होता. डॉक्टरचा आला, तिचा आला, हळदीचा आला. मी फिल्टर बनवते आणि माझीच आई धूळ खाते, हे मला सहन होईना. दिवाळीच्या सुमाराला आमच्या कारखान्यात एक फिल्टर बाद झाला. चौकटीचा कोपरा दबलेला होता, कागद धड होता. बाईंना विचारून, गेटवर दाखवून मी तो घरी आणला. हिंगोलीच्या बाजारातून लोहाराच्या भट्टीला लावतात तो विजेचा ब्लोअर घेतला, कारण साध्या पंख्याला या कागदातून हवा ढकलण्याचा दम नसतो. पत्र्याचा डबा करून घेतला, फटी बुजवल्या, याडीच्या खाटेशेजारी ठेवला. निदान झोपेत तरी तिला चांगली हवा मिळेल, असा माझा हिशेब होता. बजावून सांगितलं, याला हात लावायचा नाही, धुवायचा नाही, झटकायचा नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरचा फिल्टरही चाकावर आपटून परत बसवतात, म्हणून भीती होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोनवर माझा पहिला प्रश्न असायचा, डबा चालू आहे का. याडी फोन डब्याजवळ नेऊन धरायची. घुंऽऽ असा आवाज यायचा. तो ऐकला की मला बरं वाटायचं.

फाट्यावरून मिळेल त्या ऑटोने तांड्यावर आले. घरात शिरले, बॅग टाकली आणि सरळ डब्यापाशी गेले. बटण दाबलं. घुंऽऽ सुरू झालं. पुढची झडप काढली आणि आत पाहिलं तर आत काहीही नव्हतं. रिकामी चौकट होती, कडेला कापलेल्या गोंदाचे दात होते आणि त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. ब्लोअर भिंतीवरची हवा खाटेवर फेकत होता. म्हणजे इतके दिवस मी फोनवर जो आवाज ऐकून निश्चिंत झोपत होते, तो हा. मी मटकन खाली बसले. खरं सांगते, कुणी मुस्काटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

याडी त्या दिवशी शेडवर उशिरा जाणार होती, मी येणार म्हणून. पाण्याची घागर घेऊन ती आत आली आणि मला तशी बसलेली पाहून तिला सगळं समजलं. घरात आमची बोली वेगळी आहे, पण तिचं बोलणं मी बाजारच्या मराठीत लिहिते.

"काहून काढलास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"वरडू नको." तिने घागर ठेवली. "मला सांग, घरात कुठं हाय धूळ? धूळ तिकडं हाय. चांगली वस्तू इथं भिताडाला लावून काय करू?"

तिचं बरोबर होतं. मी तिच्या खाटेचा विचार केला होता आणि ती दिवसभर उभी असते त्या ढोलाचा केला नव्हता.

मग तिने मला जे सांगितलं ते ऐकताना मला रडावं की हसावं कळेना. विळ्याने कडेचा गोंद कापला. पत्र्या काढल्या आणि पाखरं उडवायला ज्वारीत टांगल्या. दारातून पाहिलं तर खरंच रानात चमचम चालली होती. मग कागद ओढायला लागली, तर तो सुटतच गेला. अंगणभर पसरला, मग शेजारच्या अंगणात गेला. "माय गं, एवढ्याशा डब्यात येवढा कागद," ती म्हणाली. "आमी समद्या बघतच राहिलो. तू असं काम करून राहिली, मला ठाऊकच नव्हतं." तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी कौतुक होतं. मी आयुष्यात इतक्या वाईट वेळी कधी कौतुक करून घेतलेलं नाही.

"याडी, ती काच आहे."

"कागद हाय तो."

"काच आहे. कापली की तिची कुसं सुटतात. ती नाकात जातात, घशात जातात. काकीला खाजवतंय, ते कशानं?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही. तांड्यातल्या बायांच्या तोंडाला तिने स्वतःच्या हाताने काच बांधली होती आणि वर आरसे लावून सजवून दिली होती. तिने चपला घातल्या आणि चालायला लागली. मी मागे धावले.

शेडवर ढोल चालू होता. पिवळ्या धुळीत माणसं नीट दिसत नव्हती, नुसते पांढरे चौकोन हलत होते. मी ढोल बंद करायला लावला आणि बायांना म्हटलं, ते तोंडावरचं सोडा, मला द्या. कुणी सोडेना. काकी तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुझ्या मायनं दिलं अन् तू परत घेऊन राहिली व्हय? पुण्याला जाऊन लईच कंजूष झाली."

याडीने पुढे होऊन काकीच्या डोक्यामागची गाठ स्वतः सोडली. मी तो चौकोन दारातल्या उन्हात धरला. चारी कडांनी टाक्यांची भोकं होती आणि प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका दिसत होता. "धूळ इथून आत येते," मी म्हटलं. मग माझी काळी पर्स पुढे केली आणि त्यावर तो कागद चोळला. पर्सवर बारीक चमकती लव उमटली. "आणि हे तुमच्या नाकात जातं." बायांनी वाकून पाहिलं. एकीने हनुवटी खाजवली. मग एकेक गाठ सुटायला लागली आणि माझ्या हातात कशिद्याच्या चौकोनांची चळत झाली. एकसारखा एकही नव्हता. प्रत्येकीसाठी याडीने वेगळी नक्षी काढलेली होती.

आता यानंतर काय, याचा मी विचारच केला नव्हता. बायांनी पदर नाकावर ओढून गाठी मारल्या, कुणीतरी बटण दाबलं आणि ढोल पुन्हा फिरायला लागला. मी तिथे उभी होते आणि माझ्या हातात तेवढे चौकोन होते. मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी तशीच फाट्यावर गेले. औषधांच्या दुकानात धुळीसाठीचे चांगले मास्क होते, कपासारखे फुगीर, नाकावर वाकवायची पट्टी असलेले. मोजून याडीसकट प्रत्येकीला एकेक होईल एवढे आणले, वर एकही मिळाला नाही. बायांनी ते लावून एकमेकींना पाहिलं आणि बदकासारखं दिसतं म्हणून हसल्या. त्या हसताहेत हे पाहून मला जरा हायसं वाटलं.

घरी परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या चौकोनांत याडीचा एकही नव्हता. सकाळी शेडवरही तिच्या तोंडाला नव्हता.

"तू काय लावत होतीस?"

"मी? पदर."

"एवढा मोठा कागद. सगळ्यांना पुरला आणि तुलाच नाही?"

ती उठली आणि पेटी उघडली. लग्नातलं लुगडं, त्याखाली एक कापडात गुंडाळलेलं. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं. आत एक मास्क होता. सगळ्यांत सुंदर, कवड्या लावलेला. पण शिवण बघून मी थक्क झाले. यात कागदाला सुई लागलेलीच नव्हती. तिने कापडाची दुहेरी चौकट केली होती, कागद मधोमध ठेवून कडा दाबून शिवल्या होत्या, टाके सगळे कागदाच्या बाहेरून. पुढून-मागून मलमल होती. उन्हात धरला तर एकही ठिपका नाही.

"आधीचे शिवल्यावर मला बी भोकं दिसली," ती म्हणाली. "म्हणून हा असा केला. होळीनंतर बाकीचे उसवून असेच करून देणार होते. हा आधी केला."

"कुणासाठी?"

"तू दिवसभर त्या कागदात असती. दुसऱ्याच्या नाकाची सोय करती. तुझ्या नाकाला तिथं काय देत असतील, मला काय ठाऊक."

आम्हाला सगळं देतात. मास्क देतात, मोजे देतात, हवासुद्धा गाळून देतात. मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. फोनवर मी फक्त डब्याची चौकशी करायचे. आणि ती त्या कागदाचा शेवटचा तुकडा माझ्यासाठी राखून, नाकाला नुसता पदर लावून, भुकटी गोळा करत होती. मी खूप रडले. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, खोकला काय, येतो अन् जातो.

मी तिला सांगितलं की ढोलावर जाणं सोड. ती म्हणाली, "तू कागदावरचं काम सोडती का?" मी म्हटलं, ते वेगळं आहे. ती म्हणाली, "मंग." त्यापुढे आमच्या घरात वाद चालत नाही. निघताना तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की तो फाट्यावरचा मास्क ती रोज लावेल.

आता मी संध्याकाळी फोन करत नाही, दुपारी करते, ती शेडवर असते तेव्हा. मागच्या आठवड्यात काकीने मध्येच फोन घेतला. सांगत होती की तिचा मास्क मळला होता, पण याडीकडे एक जास्तीचा निघाला, तो याडीने काकीला देऊन टाकला. जास्तीचा एकही नव्हता, हे मला माहीत आहे. मग फोन याडीकडे गेला.

"मास्क लावलाय ना?" मी विचारलं.

"व्हय, लावलाय," ती म्हणाली. पाठीमागे ढोल फिरत होता आणि तिचा आवाज अगदी मोकळा येत होता.